रोज पांदणीवर, रविवारी ऑटोक्रॉसला: जुनी गाडी घेताना

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हणजे बहुतेक वेळा मुरमाचं मैदान, शंकू लावून आखलेली वळणं, एकावेळी एक किंवा दोन गाड्या सोडायच्या आणि वेळ मोजायची. वेग फार नसतो, जवळजवळ सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये होतो. गाडीला मार बसतो तो वळणांचा, खड्ड्यांचा आणि धुळीचा. विदर्भातल्या राळेगाव-दारव्ह्याकडच्या पांदणीवर (शेतातल्या कच्च्या वाटेवर) गाडी वर्षभर जे सोसते, तेच इथे दीड-दोन मिनिटांत सोसावं लागतं. त्यामुळे दोन्ही कामांसाठी एकच गाडी घ्यायची असेल तर ‘पळणारी’ गाडी शोधत बसू नका. खालून धड असलेली शोधा.

थेट सांगायचं तर पहिली पसंती दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, ऑगस्ट २०११ ते २०१७ अखेरपर्यंतची. १,१९७ सीसीचं के-सिरीज इंजिन, ८४ ते ८७ पीएस (हॉर्सपॉवर) ताकद, वजन साधारण ९६० ते १,००० किलो, जमिनीपासून उंची १७० मिमी. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. मुख्य म्हणजे लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), त्याचे रबरी बुश, व्हील बेअरिंग, क्लच सेट तालुक्याच्या दुकानात मिळतो, आणि नाहीच मिळाला तर नागपूर-अमरावतीहून दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने येतो. शनिवारी अॅक्सल गेला आणि सोमवारी बाजारात कापूस न्यायला घरच्यांना गाडी हवी असेल, तर या गोष्टीचं मोल कळतं.

पहिल्या पिढीची १.३ स्विफ्ट (२००५ पासूनची) मैदानावर जास्त मजा देते, पण ती पुनर्नोंदणीच्या पंधरा वर्षांच्या रेषेपलीकडे गेली आहे किंवा टेकली आहे. ब्रियो हलकी आणि चपळ, पण तालुक्यात पार्ट मिळणं अवघड. २०१५ नंतरची फिगो चालवायला या सगळ्यांत चांगली असेल, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. जवळ ओळखीचा पार्टवाला असेल तरच तिकडे वळा. बजेट फारच कमी असेल तर जुनी ऑल्टो के-१०: ६८ पीएस, पण वजन इतकं कमी की अरुंद वळणांत मोठ्या गाड्यांना लाजवते.

डिझेल नको. गावागावांत डिझेल स्विफ्ट उभ्या असतात आणि किमतीचा मोह होतो. पण १.३ डिझेलचा टर्बो २,००० आरपीएमच्या खाली झोपलेला असतो. अरुंद वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम नेमका तिथेच येऊन बसतो. शिवाय पेट्रोलपेक्षा वजन अंदाजे १०० किलो जास्त, तेही बहुतेक पुढच्या चाकांवर. मुरमावर स्टीअरिंग वळतं, गाडी सरळ जाते.

आणि आधीच ‘बनवलेली’ गाडी तर अजिबात नको. स्प्रिंग कापलेल्या, रुंद टायर आणि स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती) लावलेल्या, उघडा एअर फिल्टर बसवलेल्या गाडीत दुसऱ्याचे प्रयोग आपण पैसे मोजून घेतो. आपल्या धुळीत उघडा फिल्टर म्हणजे सिलिंडरला घासकागद लावण्यासारखं. वणी-चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात तर विचारूच नका.

आता गाडी बघण्याकडे येऊ. इथे घाई करू नका.

गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा बोलायचाच नाही. ट्रकचं सर्व्हिसिंग होतं तिथे शंभर-दोनशे रुपयांत चढवू देतात. आधी काडीने चाकाच्या आतली आणि मडगार्डच्या कडेची माती काढा. काळी माती रिममध्ये सुकून दगड होते आणि ६०-८० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. विकणारा म्हणतो “फक्त बॅलन्सिंग करून घ्या भाऊ”. कधी ते खरं असतं, कधी रिम वाकलेली असते. माती काढल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही. दुसरं, हीच माती ओल धरून ठेवते, त्यामुळे दरवाजाखालच्या रनिंग बोर्डचा खालचा पत्रा आतून गंजतो. जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, दबका आला तर आत पुट्टी किंवा गंज. अकोला-दर्यापूर-शेगाव या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर दुप्पट बघा, कारण तिथे बोअरच्या खाऱ्या पाण्याने रोज धुतलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून खाल्लेली असू शकते.

मग मोजमाप. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मधोमध ते मागच्या चाकाच्या मधोमध टेप लावा, चाकं अगदी सरळ ठेवून. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा व्हीलबेस २,४३० मिमी आहे. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर क्रॉसमेंबर (इंजिनखालची आडवी चौकट), लोअर आर्म किंवा मागचा बीम (मागची चाकं जोडणारा दांडा) वाकला आहे. या गाडीला पुढच्या कॅम्बरची (चाकाच्या आत-बाहेर कलाची) कंपनीची ॲडजस्टमेंट नाही. म्हणून एक चाक दुसऱ्यापेक्षा आत कललेलं दिसलं, तर ‘अलाइनमेंटमध्ये निघेल’ या बोलण्याला अर्थ नसतो. काहीतरी वाकलंय, आणि ते बदलूनच निघेल. मागचा बीम वाकला असेल तर गाडी सोडून द्या.

बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲपरन (फेंडरच्या आतले पत्रे) बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधल्या वेल्डिंगचा ओघळ लगेच ओळखू येतो. फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण असेल तर कारण विचारा. वर्धा-वैनगंगेच्या काठची गाडी असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा: पुरात बुडालेल्या गाडीत बेल्टच्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. डॅशबोर्डखालच्या वायरिंगची टेप कुरतडलेली आहे का तेही बघा. सोयाबीन-तुरीच्या गोदामाशेजारी उभी राहणारी गाडी उंदरांचं घर असते, आणि कुरतडलेल्या वायरचा बिघाड शोधण्यात मिस्त्रीचे दोन दिवस जातात.

चालवताना पुढच्या चाचण्या कराच. सकाळी न कळवता जा आणि बोनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी आधी सुरू करून ठेवली आहे. मोकळ्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, दोन्हीकडे, पुढे आणि रिव्हर्समध्ये. टक-टक आवाज म्हणजे अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीसमध्ये मुरूम गेला की जॉइंट थोड्याच दिवसांत संपतो. मग चौथ्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाला पूर्ण रेस द्या; आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. ५० ला तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. खर्र झालं तर दुसऱ्याचा सिंक्रो (गिअरचे दात जुळवणारी कडी) घासला आहे, आणि ऑटोक्रॉस तर दुसऱ्यातच चालवायचं आहे. गिअरबॉक्स उघडायचा खर्च लक्षात घेऊन भाव बोला, नाहीतर पुढची गाडी बघा.

इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. झाकणावर ठेवलेला कागद उडत असेल, धूर ढकलत असेल, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे रिंगा गेल्या. शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चांगल्या इंजिनात दोनशे पीएसआयच्या आसपास आकडा येतो, पण त्याहून महत्त्वाचा चारही सिलिंडरमधला फरक; तो १५ पीएसआयच्या पुढे गेला तर थांबा.

कूलिंगकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला ४५ अंशांच्या वर पारा जातो, त्यामुळे गाडी तापली की गावच्या गॅरेजमध्ये सोपा इलाज करतात: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरायचं. तापणं तेवढ्यापुरतं थांबतं. पण हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त पितं, तेलात मळ धरतो. आणि जड पाण्याचा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. ओळखायचं कसं? गार इंजिन असताना रेडिएटरची टोपी उघडून बघा (गरम असताना अजिबात नाही). पाणी गढूळ तांबूस किंवा नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर रेडिएटर बदलायचे पैसे किमतीतून वजा करा. मग भर दुपारी एसी लावून पंधरा मिनिटं जागेवर उभी ठेवा. पंखा चालू-बंद होत राहिला आणि तापमान स्थिर राहिलं तर ठीक.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवरचा नंबर चेसिसवर कोरलेल्या नंबराशी जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. जुन्या गाडीवर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लावलेली आहे का बघा. आदिलाबाद, छिंदवाडा, राजनांदगावकडची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर आणि आरटीओच्या चकरा धरल्या की स्वस्ताई उरत नाही. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणी आली. त्यामुळे २०१३ ते २०१६ मधली मिळाली तर बरं.

पैशांची वाटणी अशी करा: हातात अडीच लाख असतील तर गाडी एक लाख ऐंशी हजारांपर्यंतच बघायची. बाकीचे सत्तर हजार नावावर करण्यात, विम्यात, टायरमध्ये आणि खालच्या कामात सहज जातात. सगळे पैसे गाडीत घालणारा माणूस पहिल्याच महिन्यात फाटक्या बुशवर ऑटोक्रॉसला जातो.

घेतल्यावर पहिलं काम नवं काही लावण्याचं नाही, जुनं बदलण्याचं. इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट (डिस्टिल्ड पाण्यातच मिसळून), ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, इंजिन माउंट. इंधनाची रबरी नळी बोटाने दाबून बघा. या वर्षांच्या गाड्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. नळी चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर बदलाच.

दुसरं काम संप गार्ड, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला वाचवणारा पत्रा. ६० बाय ७० सेंमीचा ३ मिमी लोखंडी पत्रा जवळजवळ १० किलो भरतो, ५ मिमी ॲल्युमिनियमचा पावणेसहा. लोखंडी स्वस्त आणि गावात ठोकून सरळ होतो, तोच घ्या. ऑइल बदलायच्या बोल्टखाली भोक पाडायला सांगा, नाहीतर दर वेळी सगळं खोलावं लागेल.

टायरबद्दल एक सोय सांगण्यासारखी आहे. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतात, वरच्याला १८५/६५ आर १५. बाहेरचा व्यास काढला तर ६२० आणि ६२१.५ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरला फरक पडत नाही. रिमचं नट वर्तुळही एकच, ४ बाय १०० (चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर). त्यामुळे रस्त्यासाठी १५ चा सेट आणि मुरमासाठी भंगारातून घेतलेल्या चार १४ इंची लोखंडी रिम असं करता येतं. १४ च्या टायरची बाजू १२ मिमी उंच असल्यामुळे दगडावर रिम वाचते. रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो.

हवा मुरमावर पुढे ३० च्या आसपास, मागे ३-४ पीएसआय जास्त. मागचा भाग थोडा सुटतो आणि गाडी वळते. २६ च्या खाली जाऊ नका, आडव्या जोरात टायर रिमवरून सुटतो. डांबरावर पुढे ३६-३८ पासून सुरुवात करा, टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढा आणि ती कुठपर्यंत घासते ते पाहून कमी-जास्त करा.

सराव मालकाची परवानगी घेऊन मुरमाच्या पडीक जागेवरच करा. काळ्या शेतात नको. उन्हाळ्यात तिथे भेगा पडतात, आडव्या जाणाऱ्या गाडीचं चाक भेगेत अडकलं की गाडी उलटते. एबीएस असेल तर मुरमावर थांबायला जास्त अंतर लागतं हे आधी सरळ रेषेत अनुभवून घ्या. आधी सीट एक खाच मागे घ्या, बेल्ट झटक्यात ओढून अडकवा आणि मग सीट पुन्हा पुढे घ्या, अंग जागेवर राहतं. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल नको, वळणात पंप कोरडा पडतो. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत हवं, त्याच कारणाने.

विम्याच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते, म्हणजे मैदानावरचं नुकसान आपल्याच खिशातून. म्हणून रोल केज, कापाकापी असले बदल रोजच्या गाडीत करू नका. आरसीशी न जुळणारी गाडी रस्त्यावरही अडचणीची. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पर्धांच्या शिखर संस्थेच्या) मान्यतेची स्पर्धा असेल तर तिची नियमपुस्तिका आधी वाचा, परवाना आणि हेल्मेटचे नियम त्यात असतात.

स्पर्धा संपल्यावर लगेच घरी निघू नका. चारही चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला तपासा (पिढीनुसार ८५ ते १०० न्यूटन-मीटर), अॅक्सल बूट हाताने चाचपा, गार्डमध्ये अडकलेले दगड काढा, एअर फिल्टर आतून बाहेर हवा मारून झटका. ब्रेक तापलेले असतील तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून गाडी उभी करा. दुसऱ्या दिवशी पन्नास किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.