साठ लिटर डिझेल कॅनमध्ये घ्यायचं म्हटलं तर

सांगलीत ट्रॅक्टरवाल्याला कॅन भरून डिझेल मिळतं, बोअरच्या गाडीवाल्याला मिळतं, मंडपात जनरेटर लावणाऱ्यालाही मिळतं. मला मिळत नव्हतं, कारण माझ्या नावावर शेती नाही आणि मी खरं कारण सांगत होतो.

बेत मनालीहून लेहला जायचा, पण सरळ नाही. मध्ये डेब्रिंगला वळून त्सो कार तलाव, तिथून त्सो मोरिरी तलाव, मग चुमाथांगवरून खाली. लाहौलमध्ये तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा बोर्ड आहे, तो सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. आमचं वळण धरलं की तो आकडा पाचशेच्या आसपास जातो. माझी डिझेल पिकअप हायवेला बाराचं अ‍ॅव्हरेज देते, पण वाळूत, लो गिअरमध्ये, फोर-व्हील ड्राइव्ह लावून सातवर येते. टाकी कशीबशी पुरली असती, आणि त्या मुलखात ‘कशीबशी’वर मी जात नाही.

कॅन आणि स्टँडचं काम पटकन झालं. वीस लिटरचे तीन लोखंडी जेरीकॅन घेतले. शंभर फुटी रोडवरच्या एका फॅब्रिकेटरनं हौद्यात बसणारा स्टँड करून दिला. तो आधी जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची चाळीस लिटरची टाकीच करून देतो म्हणत होता, स्वस्तात. नको म्हटलं. जस्त आणि डिझेल एकमेकांना मानवत नाहीत, आणि तो गाळ जाऊन बसतो इंजेक्टरमध्ये. शिवाय कंपनीच्या टाकीला जोडून दुसरी टाकी बसवली की तो गाडीतला बदल होतो. मग मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं, विम्याची कटकट आली. सुटे कॅन हे नुसतं सामान असतं.

आता डिझेल. तांडीला भरायचं होतं तर सांगलीत कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. मला कॅन भरून जत तालुक्यातल्या कच्च्या वाटांवर दिवसभर आपटून बघायचे होते. गळती कळायची ती इथे कळावी. साडेचार हजार मीटरवर गॅस्केट मिळत नाही.

पंपावरचा पोरगा म्हणाला, “कॅनमधी बंद हाय साहेब. पत्र आणा.”

“कुणाचं?”

“ते ऑफिसात इचारा.”

ऑफिस कुठलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी एका सरकारी कचेरीत गेलो. टेबलावरचे बाबा शांत होते, अर्ज करा म्हणाले. केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, आवक-जावकला पोच घेतली. मग बाबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“प्रयोजनात सहल लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“सहलीला डिझेल कशाला लागतंय? गाडीला टाकी नाही का?”

मी बोर्ड सांगितला, ३६५ किलोमीटर सांगितले, मोबाइलवर नकाशा दाखवला. ते म्हणाले, शेतीसाठी असेल तर सातबारा जोडा, जनरेटर असेल तर त्याचं बिल जोडा, बांधकाम असेल तर वर्क ऑर्डर. सहलीला काय जोडायचं ते त्यांच्याकडे नव्हतं. मागच्या खुर्चीवरून एकानं सुचवलं, “शेतीच लिवा की ओ, कोण बघतंय?” पाहुण्याचा सातबारा मिळाला असता, मागितला की दिला असता. पण साठ लिटर डिझेलसाठी मी खोटा शेतकरी का व्हायचं? हा हट्ट म्हणा हवं तर. मला अजूनही तो बरोबर वाटतो.

साहेबांची सही लागणार होती आणि साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसले होते. पुढच्या वेळी गेलो तर दौऱ्यावर. त्यानंतर साहेब होते, पण त्यांचं म्हणणं हा गाडीचा विषय आहे, इथला नव्हेच. ज्या कचेरीत पाठवलं तिथे म्हणाले, इंधनाचा विषय आमच्याकडे कसा येईल? तिथल्या शिपायानं मात्र दारापर्यंत येऊन आपुलकीनं सांगितलं, “मामा, नागपूरला एक्स्प्लोझिव्हचं ऑफिस हाय. त्यांचं लायसन काढा, मग कोण अडवत न्हाई.” बायको म्हणाली, नागपूरला जाऊन येण्यात जेवढं डिझेल जळेल तेवढं वाचवलंस तर कॅन लागणारच नाहीत.

त्या शिपायाचे मात्र आभार. लायसन खरंच लागतं का हे बघायला मी पेट्रोलियम कायदा, १९३४ काढून वाचला. इतक्या दिवसांत ते कुणीच केलं नव्हतं. किती सहज पेटतं त्यावरून त्यात इंधनाचे वर्ग केलेत, आणि डिझेल येतं ‘ब’ वर्गात. कलम ७ म्हणतं की एका जागी एकूण २,५०० लिटरच्या आत आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. माझे साठ लिटर! पेट्रोल गाडीवाल्यांनी यावर खूश होऊ नये. पेट्रोल ‘अ’ वर्गात आहे. वाहनमालकाला स्वतःच्या गाडीसाठी टाकीबाहेर १०० लिटरपर्यंतच सूट आहे आणि एका डब्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही.

प्रिंट काढली आणि या वेळी कचेरीत न जाता पंपाच्या मालकांना गाठलं. सकाळी हिशेबाला येतात तेव्हा. अण्णांनी कागद बाजूला ठेवला, म्हणाले कॅन दाखवा. बोटानं वाजवून पाहिला, झाकणाची कडी दोनदा उघडली-लावली. “लोखंडी आहे की. पोरांना मी प्लास्टिकचं बंद सांगितलंय.” झालं. बिलावर गाडीचा नंबर घालून दिला. पत्राचा विषय त्यांच्या कानावरही नव्हता.

म्हणून, पंपावर पोराशी वाद घालू नका, मालकाला भेटा. आणि बिल जपा. पुढे हायवेला एका नाक्यावर पोलिसांनी कॅन पाहून गाडी बाजूला घ्यायला लावली, तेव्हा बिल आणि ती प्रिंट दाखवल्यावर दोन मिनिटांत सोडलं. निवडणुका, बंद, तणाव अशा काळात सुट्या इंधनावर स्थानिक बंदीचे आदेश निघतात. तेव्हा कलम ७ सांगत बसू नका, थांबा.

जतला एका कॅनचं झाकण पाझरलं. गॅस्केट बदललं, दोन जादा घेतले.

भरताना कॅन हौद्यातून खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा. हौद्याला प्लास्टिकचं अस्तर असलं की स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं हवं. पंपावरची पोरं वरच भरायला बघतात, तिथे मात्र वाद घाला. काठोकाठ भरू नका, बोटभर तरी जागा सोडा. पाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या जवळपास निम्म्यावर येतो, खाली बंद केलेला कॅन वर फुगतो. झाकण कडी धरून हळूच सैल करायचं, आधी फुस्स होऊ द्यायचं.

भरलेला वीसचा कॅन वीस किलोच्या पुढे जातो. तीन म्हणजे एक माणूस. तो टपावर बसवायचा नसतो. हौद्यात, केबिनच्या पाठीला चिकटून, खाली.

सांगलीहून भरून नेऊ नका हे सांगायचं राहिलं. चाचणी झाल्यावर ते डिझेल आम्ही टाकीत ओतून संपवलं आणि रिकामे कॅन घेऊन निघालो. तांडीला भरले, तिथे कुणी काही विचारलं नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर इथलं डिझेल तिकडे थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते त्यासाठीच.

ओतायला बारीक जाळीचं नरसाळं घ्या, गंज अडतो. नळी तोंडानं ओढू नका, फुप्फुसात गेलं तर दवाखाना शेकडो किलोमीटर लांब. खालीवर हलवायचा सायफन मिळतो. आणि पहिला कॅन टाकीत जागा होताच ओता, दिवा लागायची वाट बघू नका. वजन कमी होतं, आणि डिझेलमध्ये काही गडबड असली तर ती पंप अजून मागे जवळ असतानाच कळते.