अविधवा नवमी आणि खारे दाणे

आज आईची नवमी झाली. गेली मार्गशीर्षात, पण बाबांच्या आधी गेली म्हणून तिचं पक्षातलं पान अविधवा नवमीला. तिसरं वर्ष. गुरुजींनी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, दर्भ, काळे तीळ, माका वगैरे, ते काल ऑफिसमधून येताना जांभळी नाक्यावरून आणलं, गर्दीत चप्पल तुटली ते वेगळंच.

स्वयंपाक ठरलेलाच असतो, खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. पण आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक तरी काहीतरी पानात वाढतात, आणि दरवर्षी भांडण तिथेच. दादा म्हणे पुरणपोळी. अरे ती तुला आवडते. बाबा म्हणे साबुदाण्याची खिचडी, ती बाबांची. मी उकडीचे मोदक म्हटलं आणि म्हणता म्हणताच आठवलं की आईला सावकाश बसून मोदक खाताना मी पाहिलेलंच नाही, वळायची, उकडायची आणि जो फुटेल तो शेवटी तिच्या ताटात. ३६ वर्षं एका घरात राहून तिच्या आवडीचा एक पदार्थ सांगता येईना, लाजच वाटली.

शेवटी मोदकच केले. गच्चीत पान ठेवलं, कावळा आला लगेच, पण वडा उचलून पळाला, मोदकाकडे बघितलंसुद्धा नाही.

सवाष्ण म्हणून शेजारच्या काकू होत्या, आणि डोंबिवलीहून मावशी आलेली. जेवताना तिच्यासमोर परत तोच विषय निघाला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, खारे दाणे! बाजार झाला की तलावपाळीला बसायची, कोपिनेश्वरच्या बाजूला, पिशव्या पायाशी घेऊन, आणि अख्खी पुडी एकटीने संपवून मगच घरी. म्हणायची, घरी नेले तर चार वाटे होतात."

मला एकदम तिची पर्स आठवली. ती गेल्यावर रिकामी केली तेव्हा तळाशी दाण्यांची लाल सालं निघाली होती, मिठाने खरखरीत, रबरबँड आणि जुन्या बिलांत अडकलेली. तेव्हा वाटलं कबुतरांना घालत असेल. झटकून टाकली मी ती पर्स.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला कधी एक दाणा दिला नाही हो तिने." चक्क रागावले होते! काकूंना हसू आवरेना. मग तेच हळूच म्हणाले, "मी गेलो की ही नवमी बंद होते म्हणतात, तेव्हा पुढच्या वेळी तरी दाणे ठेवा." दादा म्हणाला काहीतरी बोलू नका.

संध्याकाळी बाबांनी चपला घातल्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणे, जरा तलावपाळीपर्यंत. आठ वाजता आले. घरी काही आणलं नव्हतं.