चोकअप काढता काढता: आमची वाटचाल

दिवाळी संपली की आमचा फोन थांबत नसे. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता. तक्रार एकच, सिंक तुंबलंय. चकल्या-शेवेचं उरलेलं तेल गरम पाण्याबरोबर सोडलं की गेलं असं वाटतं. पण पाइपात ते गार होतं, कडेला धरतं, त्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा बसतो. एका सोसायटीच्या चेंबरमधून मी साबणाच्या वडीसारखे पांढरे गोळे घमेलंभर काढले. पंधरा वर्षं प्लंबिंग केलेलं, त्या दिवशी मात्र वाटलं, हे तेल मोरीत जायच्या आधीच उचलायला हवं.

२०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’वर, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणाऱ्या खराब घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची ‘रुको’ मोहीम आणली. म्हणजे तेलाला गिऱ्हाईक होतं. घरोघरचं पाव-अर्धा लिटर गोळा करणं परवडणार नाही, असं सगळे म्हणाले. तरी २०१९ ला मी आणि बायकोने सुरुवात केली.

“टाकायचं कशाला? फोडणीला होईल की!” हे दारोदारी ऐकलं. तेलाचा थेंब जपून ज्यांनी संसार केला, त्यांना चूक कसं म्हणणार? बायकोनेच तोड काढली. एकदाच तळलेलं, न जळालेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडलं, फेसाळलं, चटकन धुरावलं, की ते आमचं.

मग बायोडिझेलवाल्यांकडे पाठवलेलं पिंप परत आलं, अख्खं. तेलात पाणी होतं. पाण्यामुळे बायोडिझेलच्या प्रक्रियेत साबण तयार होतो, ग्लिसरीन नीट वेगळं होत नाही. कुणीतरी कढई विसळून तेच ओतलं असावं. एका ताईंनी गरम तेल पाण्याच्या बाटलीत भरलं, ती आकसून ओट्यावर सांडली. हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून रुंद तोंडाचा पाच लिटरचा कॅन आणि जाळीचं नरसाळं आम्हीच देतो. तेल पूर्ण गार करा, गाळा, झाकण घट्ट लावा, गॅसपासून दूर अंधाऱ्या कप्प्यात ठेवा. कढईला राहिलेलं कागदाने पुसून मगच घासायला टाका.

आज बेचाळीस सोसायट्यांत महिन्यातून एकदा टेम्पो जातो, भाऊबीजेनंतर जादा फेरी असते. भाड्याच्या फ्लॅटमधल्या विद्यार्थ्यांपर्यंत अजून पोचलो नाही. त्यांच्यासाठी एक लिटरचा कॅन करून घेतलाय, या गणपतीनंतर वाटायला सुरुवात करतोय.