डावा हात

रविवार, रात्र

आज दुपारी आईचा डोळा लागल्यावर बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या घरी, झोपाळ्यावर वही घेऊन बसले. समुपदेशक ताईंनी दिलेला अभ्यास आठवडाभर टाळत होते. नेहमीच्या हातानं प्रश्न लिहायचा, दुसऱ्या हातानं उत्तर. लुशिया कापाकिओने या अमेरिकी कला-उपचारतज्ज्ञ बाईंनी ही पद्धत रूढ केली. दुसऱ्या हाताला सराव नसतो, त्यामुळे मोठ्या माणसाची सफाईदार भाषा मागे राहते, असं ताई म्हणाल्या.

पण माझा दुसरा हात म्हणजे डावा. आणि मी जन्माची डावखुरी.

हे ताईंना सांगितलंच नव्हतं. मलाच आठवलं नव्हतं. तिसरीपर्यंत मी डाव्या हातानं लिहायचे. शाळेत बोटांवर पट्टी बसायची. घरी आजी कुंकवाची कोयरी माझ्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात द्यायची, एक शब्दही न बोलता. मग दिवाळीच्या सुट्टीत मीच रोज दहा ओळी शुद्धलेखन काढून उजवा हात वळवला. "किती समजूतदार पोर!" वाडाभर कौतुक झालं. त्या कौतुकावर मी चाळीस वर्षं काढली.

एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञानं प्रत्येकाच्या आत पालक, प्रौढ आणि बालक असे तिघं मानले. बालकही दोन तऱ्हांचं: एक मोकळं, एक जुळवून घेणारं. मला वाटायचं, आतलं मूल म्हणजे कमाटीबागेत उंडारणारी, बर्फाचा गोळा खाऊन जीभ लाल करणारी मी. तिलाच जपायचं. पण शहाण्यासारखं वागून सगळ्यांची मर्जी राखणारी, ती तर अजून कामावर आहे! ऑफिसात दुसऱ्याचं काम अंगावर घेताना "हो, करते ना" म्हणणारी तीच. तिलाही कुणी उचलून घ्यायला हवं होतं.

फ्रॉइडशी बिनसल्यावर, १९१३ च्या सुमारास, मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग पार सैरभैर झाला होता. तेव्हा त्याला दहा-अकरा वर्षांचा, ठोकळ्यांची घरं रचणारा लहानपणीचा तो स्वतःच आठवला. मग रोज जेवण झालं की रुग्ण येईपर्यंत तो तळ्याकाठी दगडांची घरं बांधत बसायचा. एवढा मोठा माणूस बसला, तर मला कसली लाज?

उजव्या हातानं लिहिलं, "तुला काय हवंय?"

डावा हात कितीतरी वेळ हलेना. पेन चिमटीत न येता मुठीतच धरलं गेलं. 'ह' पोटात वळलाच नाही, 'ड' ओळीखाली घसरला. दोनच शब्द आले. "हात सोड."

किती रडले, कुणास ठाऊक. झोपाळ्याची कडी कुरकुरली तशी आई उठून आली. वही उचलून तिनं डोळ्यांजवळ धरली.

"हे तुझं तिसरीतलं अक्षर. कुठं सापडलं?"

"आत्ताच लिहिलं," म्हटलं.

ती माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली. करंगळीखालच्या कडेला शाई फासली होती, तेव्हा फासायची तशीच.