अमेरिकेत बोटीवर बंदूक: निघण्याआधी कायद्याचं काय बघायचं

अमेरिकेत स्वतःची बोट घेऊन समुद्रात किंवा सरोवरावर जाणाऱ्यांच्या केबिनमध्ये बंदूक असणं ही नवलाची गोष्ट नाही. अलास्कात मोठा हॅलिबट मासा गळाला लागला की बोटीत ओढण्याआधी त्याला गोळी घालतात, कारण माणसाहून जड असा जिवंत मासा डेकवर तडफडू लागला तर हातपाय मोडतात. किनाऱ्यावर उतरायचं तर अस्वलांची भीती असते. निर्जन खाडीत नांगर टाकून रात्र काढणाऱ्यांना चोरांची धास्ती असते. कारणं खरी आहेत, आणि म्हणूनच इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींना मित्राच्या बोटीवरचं आमंत्रण येतं तेव्हा हा विषय माहीत असायला हवा.

सगळ्यात आधी व्हिसा. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर देशात आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. मोठा अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना हातात असणं, किंवा शिकारीसाठी वा नेमबाजीच्या खेळासाठीच देशात प्रवेश मिळालेला असणं. मासेमारीचा परवाना इथे उपयोगाचा नाही, आणि बोटीवर बहुतेकांकडे नेमका तोच असतो. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे एवढ्यावर सूट मिळत नाही. कार्ड हातात यावं लागतं.

इथे ‘जवळ बाळगणं’ म्हणजे काय हे नीट समजून घेतलं पाहिजे. बंदूक खिशात किंवा हातात असायलाच हवी असं नाही. ती कुठे आहे हे माहीत असणं आणि ती हवी तेव्हा ताब्यात घेता येणं, एवढ्यावरही ‘ताबा’ सिद्ध होऊ शकतो. मालक पोहायला उतरला, सुकाणू पाहुण्याच्या हाती दिलं, आणि कुलूपबंद पेटीची किल्ली डॅशबोर्डवर राहिली, तर पाहुण्याची बाजू विनाकारण अवघड होते. म्हणून व्हिसावर असलेल्याने निघण्याआधी सरळ विचारावं की बोटीवर बंदूक आहे का. असेल तर पेटीची किल्ली मालकाच्या अंगावर राहावी आणि ‘जरा धरून बघ’ या आग्रहाला ठाम नकार द्यावा. त्यात कसलाही उद्धटपणा नाही. इथले जाणते बोटमालक उलट ही खबरदारी वाखाणतात.

ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक विकत घेता येते, पण त्यांच्या डोक्यावरही एक टांगती तलवार असते. बंदूक बाळगण्याच्या कुठल्याही कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरल्यास देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात आहे. एखाद्या राज्याच्या नियमात झालेली चूकही त्यात बसू शकते. नागरिकाचं जे प्रकरण दंडावर मिटेल, त्यात ग्रीन कार्डवाल्याचं घरदार उठू शकतं. म्हणून वकील बघताना फौजदारी आणि इमिग्रेशन, दोन्ही जाणणारा बघावा. नुसता गुन्हा कबूल करून सुटका करून देणारा नको.

आता पाण्याची गोष्ट. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच आहे. इथे संघराज्याच्या कायद्याखाली ५० राज्यांचे आपापले कायदे आहेत, आणि बोटीत सगळी अडचण इथूनच सुरू होते. हमरस्त्यावर राज्याची हद्द ओलांडताना मोठी पाटी दिसते. पाण्यावर काहीच दिसत नाही.

पोटोमॅक नदी घ्या. व्हर्जिनियाच्या काठावरून निघालेल्या माणसाला वाटतं की नदीच्या मध्यापर्यंत आपलंच राज्य. प्रत्यक्षात वॉशिंग्टनच्या खालच्या अंगाला मेरिलँडची हद्द व्हर्जिनियाच्या बाजूच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत येते. बोट व्हर्जिनियाच्या काठापासून दगड मारण्याच्या अंतरावर असली तरी ती मेरिलँडमध्ये असते. व्हर्जिनियाचा कायदा खासगी बोटीत, बंद पेटीत किंवा कप्प्यात ठेवलेलं पिस्तूल विनापरवाना चालवून घेतो. ‘वाहन किंवा जलयान’ असे शब्दच त्यात आहेत. मेरिलँडच्या कायद्यात पिस्तूल नेण्यावरच्या बंधनात रस्त्यांबरोबर जलमार्गही घातले आहेत, आणि मेरिलँड दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. धक्क्यावर जे कायदेशीर होतं ते दोर सोडल्यावर दोन मिनिटांत गुन्हा ठरू शकतं.

ओहायो नदीचीही तीच तऱ्हा: केंटकीची हद्द नदी ओलांडून उत्तरेच्या काठाला, १७९२ सालच्या ओहोटीच्या रेषेला भिडते. लेक हवासू या सरोवरावर पूर्वेला अ‍ॅरिझोना आणि पश्चिमेला कॅलिफोर्निया. अ‍ॅरिझोनात २०१० पासून लपवलेलं पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. कॅलिफोर्निया कुठल्याही परराज्याचा परवाना मानत नाही आणि १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन राज्यात आणायला तिथे बंदी आहे. जेट-स्कीवरून पलीकडच्या खाडीत सावली शोधायला गेलेला माणूस हे सगळं एका झटक्यात मोडतो. टेक्सासच्या कायद्यात मात्र स्वतःच्या ताब्यातल्या बोटीला मोटारीसारखीच वागणूक आहे. तेव्हा मार्गातल्या प्रत्येक राज्याचा कायदा वाचताना ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत बोट येते का, हे पहिल्यांदा शोधावं.

यावर उपाय म्हणून बरेच जण १९८६ च्या संघराज्य कायद्यातल्या ‘सुरक्षित वाटचाली’चा दाखला देतात. त्या कलमानुसार जिथून निघालो आणि जिथे पोचायचं, त्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी असेल, आणि बंदूक व काडतुसं प्रवाशांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवली असतील, तर मधल्या राज्याचा कायदा आड येत नाही. वेगळा कप्पा नसेल तर कुलूपबंद पेटी लागते. पण कलमात शब्द ‘वाहन’ असा आहे, आणि संघराज्याच्या कायद्यांच्या सर्वसाधारण व्याख्येत वाहन म्हणजे जमिनीवर चालणारं साधन. बोटीला हे संरक्षण नक्की मिळेल यावर विसंबू नये. शिवाय ते प्रवासापुरतं आहे. मधल्या राज्यात तीन रात्री नांगर टाकून मासे पकडत बसलं, तर त्याला ‘वाटेत’ म्हणणं कठीण जाईल.

तरीही पेटीची शिस्त पाळावी, कारण कायदा कुठलाही असला तरी तीच सर्वांत सुरक्षित मांडणी आहे. पेटी बोटीच्या बांध्याला आतून बोल्टने जखडलेली असावी. काडतुसं दुसऱ्या कुलपात, रबरी गॅस्केट असलेल्या डब्यात ठेवावीत. फोमचं अस्तर असलेली पेटी समुद्रावर वाईट, कारण फोम खारट ओल धरून ठेवतो आणि स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहावं, आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवावा. हिवाळ्यात बोट यार्डात उभी करताना बंदूक कधीही आत ठेवू नये. तिथे महिनोन् महिने दुरुस्तीवाल्यांची ये-जा असते.

धरणांच्या सरोवरांवर आणखी एक थर असतो. जॉर्जियातल्या लेनियरसारखी सरोवरं लष्कराच्या अभियंता दलाच्या ताब्यात आहेत, आणि दलाच्या नियमावलीत भरलेल्या बंदुकीवर बंधनं आहेत. तिथल्या कार्यालयाला फोन करून चालू नियम विचारावा. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याचाच कायदा लागू होतो, मात्र उद्यानाच्या सरकारी इमारतींत बंदूक नेता येत नाही.

कोस्ट गार्डला अमेरिकी बोट तपासायला वॉरंट लागत नाही. ते लाइफ जॅकेट, अग्निशामक, कागदपत्रं बघायला चढतात आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: बोटीवर शस्त्र आहे का? उत्तर खरं आणि नेमकं द्यावं, जसं ‘एक पिस्तूल, रिकामं, पुढच्या केबिनमध्ये डाव्या हाताच्या कुलूपबंद पेटीत’. हात दिसतील असे ठेवावेत आणि ‘आणून दाखवतो’ म्हणून कधीही खाली जाऊ नये. गोष्टी बिघडतात त्या बहुतेक याच क्षणी.

संकटसूचक फ्लेअरचं पिस्तूल वेगळं. समुद्रावर आणि ग्रेट लेक्सवर १६ फूट किंवा त्याहून मोठ्या बोटीला दृश्य संकटसूचक साधनं सक्तीची आहेत आणि जळत्या फ्लेअरची मुदत बनवल्यापासून ४२ महिने असते. इशाऱ्यासाठी बनवलेलं हे साधन संघराज्याच्या कायद्यात बंदूक धरलं जात नाही. पण त्यात धातूची नळी बसवून छऱ्यांचं काडतूस उडवायचा उद्योग केला तर ते बंदूकच ठरू शकतं, आणि प्लास्टिकचं पिस्तूल फुटून बोटं जातात ती वेगळीच. फ्लेअरच नको असतील तर मान्यताप्राप्त विजेचा एसओएस दिवा आणि नारिंगी झेंडा मिळून ती गरज भागते.

परदेशी पाण्यात शिरलं की अमेरिकी परवान्याची किंमत शून्य. सॅन दिएगोच्या दक्षिणेची कोरोनाडो बेटं डोळ्यांना दिसतात, पण ती मेक्सिकोची आहेत, आणि तिथे लष्कराच्या आगाऊ परवानगीशिवाय नेलेलं एक काडतूसही तुरुंगात पोचवू शकतं. कॅनडात शिकारीची लांब नळीची बंदूक सीमेवर लेखी घोषणा करून आणि २५ कॅनेडियन डॉलर भरून नेता येते. ही घोषणा ६० दिवस चालते. स्वसंरक्षण हे कारण तिथे ऐकून घेत नाहीत आणि पिस्तूल तर घरीच ठेवावं. बहामात पहिल्या बंदरावर मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि काडतुसांचा अचूक आकडा लिहून द्यावा लागतो; बंदूक बोटीवरच कुलपात राहते, किनाऱ्यावर उतरत नाही. निघताना आकडा जुळला पाहिजे, म्हणून काडतुसं दोघांनी मिळून मोजावीत. अमेरिका सोडण्याआधी कस्टम्सकडून ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर बंदुकीची नोंद करून घ्यावी, म्हणजे परतताना ती आपलीच आहे हे दाखवता येतं.

बंदूक घरी ठेवली तरी काम संपत नाही. कॅरिबियनमधल्या टर्क्स आणि कायकोस बेटांवर सामानात राहून गेलेल्या मोजक्या गोळ्यांपायी अमेरिकी पर्यटकांना अटक झाली, आणि त्या गुन्ह्याला किमान १२ वर्षांची शिक्षा होती. २०२४ मध्ये कायदा बदलून न्यायाधीशांना थोडी मोकळीक मिळाली, इतकंच. म्हणून बेटांकडे निघण्याच्या आदल्या दिवशी जुन्या सॅक, शिकारीची जाकिटं, मासेमारीच्या पेट्या आणि उशांखालचे कप्पे रिकामे करावेत. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, टॉर्च मारून बघावी. गडगडत गेलेलं काडतूस बहुधा तिथेच जाऊन बसतं.