तुम्ही विचारलंत म्हणून: आठ महिने काय करत होतात?

जाऊबाईंनी विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, परवा एका लग्नात हातात अक्षता घेऊन उभी होते तेव्हा शाळेतल्या जुन्या बाईंनी पण विचारलं, "अहो लघवीतून रक्त जात होतं तर 8 महिने काय करत होतात?" म्हणून एकदाच लिहिते.

मला कळलं नव्हतं असं नाही. मी 30 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, मूत्राशय फळ्यावर काढून दाखवलंय. रक्त दिसलं होतं मला. पण दुखत नव्हतं हो! जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मोठा आजार म्हणजे दुखणारच, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकांना पहिल्यांदा दिसतं ते न दुखता गेलेलं रक्तच. तेही एकदा दिसतं आणि मग कित्येक आठवडे, कधी महिने, लघवी एकदम स्वच्छ.

पहिल्यांदा दिसलं ते मुलीकडे, पुण्यात. आमच्या घरी जुना संडास, काळपट फरशी, पिवळा बल्ब, तिथे रंग काय दिसणार. तिच्याकडे पांढरंशुभ्र कमोड. पहाटे साडेपाचला गेले आणि खाली बघितलं तर पाणी कोकम सरबतासारखं, तळाशी तुरीच्या डाळीएवढी काळपट गुठळी. किती वेळ बघत उभी होते माहीत नाही. मग आठवलं, रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली होती, आणि इतकं हायसं वाटलं की काय सांगू. बिटाने लघवी लाल होते, गुठळी होत नाही, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी फ्लश केलं. परत केलं. कडेला एक थेंब राहिला होता तो कागदाने पुसला. बाहेरून मुलगी म्हणाली, "आई, बरी आहेस ना?" मी म्हटलं, हो गं, चहा टाक. दुपारपर्यंत सगळं स्वच्छ झालं आणि मी तो विषय मनातूनच काढून टाकला.

दोन महिन्यांनी परत दिसलं तेव्हा मात्र डॉक्टरकडे गेले, हे पण लिहा की कुणीतरी! युरिन इन्फेक्शन म्हणून गोळ्या. मग परत गोळ्या. मग आणखी एक कोर्स. कल्चरच्या रिपोर्टवर 'नो ग्रोथ' छापलेलं होतं, तो कागद अजून फाइलमध्ये आहे. जंतूच नाहीत तर रक्त कुठून येतंय, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. रक्त आपलं आपण थांबायचं आणि श्रेय गोळ्यांना जायचं. मधे एकीने गर्भाशयाचं असेल म्हणून सांगितलं, पाळी जाऊन 7 वर्षं झालेली, त्यात दीड महिना गेला.

शेवटी सोनोग्राफीत गाठ दिसली, मग दुर्बीण घालून तपासणी, मग दुर्बिणीतूनच काढली. अस्तराच्या खालच्या थरात शिरली होती, स्नायूत नाही. नंतर दर आठवड्याला एक असे बीसीजीचे 6 डोस, बाळांना टोचतात तीच बीसीजी, पण नळीने थेट मूत्राशयात सोडायची आणि दोन तास धरून ठेवायची.

"तुम्ही तर सिगारेट ओढत नाही" हे पण ऐकते. ओढणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त, साधारण निम्म्या केसेस त्यातूनच होतात. पुरुषांना बायकांपेक्षा तिपटी-चौपटीने होतो हेही खरं, पण म्हणूनच आमच्याकडे बघताना हा आजार कुणाला पटकन सुचत नाही.

त्या सकाळी हाक मारली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. काही दिवस मला हे पटतं, काही दिवस वाटतं ते माझ्यासाठी बोलले.

फ्लशचं मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचेल, फोन करेल, आणि तेव्हा काय बोलायचं ते माझं ठरलेलं नाही.