तुम्ही विचारलंत म्हणून: भूगोलाच्या तासाला वाचनगट कशाला?

पालकसभेत कुणीतरी हमखास विचारतं, "सर, भूगोलात चर्चा कसली करायची? नकाशा भरून घ्या, कारणं पाठ करून घ्या, झालं." नववी-दहावीला मी पाच-पाच जणांचे वाचनगट का करतो, ते नीट सांगतो.

2024च्या उन्हाळ्यात आमच्या सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. शाळा उघडल्यावर तीच बातमी गटांना वाचायला दिली. पहिलाच प्रश्न आला, "सर, धरणात उणे पाणी कसं असतं?" उत्तर मी दिलं नाही, फक्त आकडे फळ्यावर लिहिले: एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, 63च्या पुढे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर, म्हणजे मृतसाठ्याच्या वरच्या पाण्यावर काढतात, हे मुलांनीच वाद घालून शोधलं. उणे 50ला धरणात साधारण 37 टीएमसी पाणी उरतं, हे कळल्यावर वर्ग पेटलाच. मग आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी का? तिथून गाडी दुबार पंपिंग (पातळी खाली गेल्यावर पाणी दोनदा उपसणं), जलवाहिनी, ऊस अशी पुढे गेली. माढ्याकडे शेती असलेला मुलगा उसाच्या बाजूनं बोलला, शहरातली मुलगी नळाच्या बाजूनं. दोघांनाही मी एकच विचारतो: हे कुठल्या ओळीत आहे, नकाशात कुठे आहे? बोट ठेवता आलं पाहिजे.

दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आहे. त्यातला ईशान्येचा अवर्षणग्रस्त भाग मुलं नुसती पाठ करतात. गटात वाचताना मात्र कुणीतरी म्हणतंच, "पर्जन्यछाया? डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, म्हणजे आपल्यासारखंच की!" सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला 5,000 मिमीहून जास्त पाऊस, आणि आपल्याकडे जेमतेम 550च्या आसपास. मग मंगळवेढ्याची ज्वारी पावसाळा सरताना का पेरतात, काळी माती ओल किती धरते, हे घरी विचारून येणारी मुलंही असतात.

आणखी एक कारण मला फार मोलाचं वाटतं. आमच्या शहराच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. सगळ्या वर्गासमोर ती हात वर करत नाहीत. पाच जणांत मात्र बोलतात, अडलं तर आपल्या भाषेत शेजाऱ्याला विचारतात. एकानं वाचायचं, एकानं नकाशात शोधायचं, एकानं शंका काढायच्या, एकानं लिहायचं, एकानं वर्गाला सांगायचं. कामं दर वेळी बदलतात, म्हणून गप्प बसणाऱ्यालाही बोलायची पाळी येतेच.

पोर्शन राहतो का? नाही. प्रत्येक धडा असा घेत नाही. अक्षवृत्तं, व्याख्या, आलेख काढणं मी सरळ फळ्यावर शिकवतो. जिथे कारण शोधायचं असतं, तिथेच गट. बोर्डाच्या 40 गुणांत 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न असतोच. गाईडमधलं तेच ते वाक्य सगळ्या उत्तरपत्रिकांत यायचं. आता उत्तरं वेगवेगळी येतात, तपासायला वेळही जास्त लागतो. तो मी आनंदानं देतो.